लेनवरचं तेल ओळखायचं कसं?

मंडळी, नांदेड-लातूरची पोरं शिकायला पुण्या-हैदराबादला गेली की मॉलमधलं बोलिंग एकदा तरी खेळतातच. हात वळवून टाकलेला बॉल आधी बरोबर जातो, अन् थोड्या वेळानं तोच डावीकडे पळतो. का? लेनवरचं तेल!

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल असतं, मॉलमध्ये बहुतेक मधे जास्त, कडेला कमी. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेतो अन् वळतो.

लेनच्या रुंदीत ३९ पट्ट्या असतात. आता गणित: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा. ३५ फूट असेल तर ४थी पट्टी, ४४ असेल तर १३वी. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजव्या कडेपासून मोजायचं. बॉल साधारण तिथून वळायला हवा. म्हणजे तेल आखूड तर कडेनं, लांब तर आतून.

खेळता खेळता बॉल तेल उचलून नेतो, लेन कोरडी पडते. मग जोर लावू नका. बॉल डावीकडे चुकला तर पाय दोन पट्ट्या डावीकडे सरकवा, उजवीकडे चुकला तर उजवीकडे. नेम मात्र त्याच खुणेवर. क्रिकेटमध्ये पिच बघून टप्पा बदलतो ना, तसंच!