सॅन होजे शार्क्सचे सुरुवातीचे हंगाम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सॅन होजे शार्क्स हा नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, या अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेतला संघ. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरासाठी तो मे १९९० मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये पहिला सामना खेळला. पहिल्या हंगामात ८० पैकी ५८ सामने त्याने गमावले, दुसऱ्यात ८४ पैकी ७१. तिसऱ्या हंगामात मात्र याच संघाने पश्चिम विभागात पहिल्या आलेल्या डेट्रॉइट रेड विंग्जला बाद फेरीत हरवले. एवढ्या टोकाच्या तीन वर्षांभोवती सोप्या समजुती जमल्या, हे साहजिक आहे. पण लीगच्या विस्तारातून जन्मणारा संघ कसा घडतो आणि कशामुळे रखडतो, हे समजून घ्यायचे तर त्या समजुती बाजूला ठेवाव्या लागतात.

गैरसमज: उपसागराच्या परिसरातला हा पहिला एनएचएल संघ, आणि तो शून्यातून उभा राहिला.

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. १९६७ मध्ये लीगने एका दमात सहा नवे संघ घेतले, त्यांत ओकलंडचा सील्स हा संघ होता. त्याने नऊ हंगाम काढले, पण प्रेक्षक आणि पैसा दोन्ही अपुरे पडले. १९७६ मध्ये तो क्लीव्हलंडला गेला आणि बॅरन्स झाला. तिथेही निभाव लागेना, तेव्हा १९७८ मध्ये त्याचे मिनेसोटा नॉर्थ स्टार्समध्ये विलीनीकरण झाले. क्लीव्हलंडमधून मिनेसोटात आलेले मालक म्हणजे जॉर्ज आणि गॉर्डन हे गंड बंधू.

शार्क्सच्या जन्माची किल्ली याच इतिहासात आहे. १९९० च्या सुमारास गंड बंधूंना नॉर्थ स्टार्स कॅलिफोर्नियात हलवायचा होता. मिनेसोटा हा हॉकीवेडा प्रदेश, तो मोकळा सोडायला लीग तयार नव्हती. शेवटी तडजोड झाली: गंडांनी नॉर्थ स्टार्स विकायचा आणि त्याबदल्यात त्यांना उपसागराच्या परिसरात नवा संघ मिळायचा. नुसता परवानाच नव्हे, तर नॉर्थ स्टार्सच्या खेळाडूंमध्येही त्यांना वाटा मिळाला. ३० मे १९९१ रोजी मिनेसोटाचे काही खेळाडू शार्क्सकडे वर्ग झाले. गंमत अशी की, जेमतेम पाच दिवसांपूर्वीच नॉर्थ स्टार्सने लीगच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅन्ली चषकाची, अंतिम फेरी खेळली होती. म्हणजे कागदोपत्री नवा असलेला शार्क्स प्रत्यक्षात जुन्या घरातून वाटणी घेऊन निघालेल्या भावासारखा होता. सगळ्या चांगल्या वस्तू मात्र थोरल्याकडेच राहिल्या.

वाटणीतल्या एका नावाकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मिनेसोटाने १९८९ मध्ये निवडून ठेवलेला, लाटव्हियातील रिगाचा गोलरक्षक आर्टुर्स इर्बे. त्याचा विषय पुढे येईल.

गैरसमज: मालकांनी पैसा सैल सोडला असता तर चांगले खेळाडू मिळाले असते.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाला हा समज पटकन पटतो. गुजरात टायटन्सने २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले, कारण तिथे नव्या संघाला नामवंत खेळाडू विकत घेता येत होते. एनएचएलमध्ये तेव्हा अशी सोय नव्हती. नव्या संघासाठी जुन्या संघांच्या खेळाडूंतून निवड व्हायची, पण त्याआधी प्रत्येक जुन्या संघाला आपले महत्त्वाचे खेळाडू राखून ठेवता येत. दोन गोलरक्षकही राखता येत असल्याने भरवशाचा गोलरक्षक नव्या संघाच्या हाती लागणे जवळजवळ अशक्यच होते. उरायचे ते उतारवयातले, दुखापतींनी बेजार झालेले किंवा राखीव फळीतले खेळाडू.

शार्क्सच्या बाबतीत ही उरलीसुरली यादीसुद्धा विभागली गेली. मिनेसोटाचे नुकसान भरून निघावे म्हणून उरलेल्या संघांतल्या खेळाडूंची निवड शार्क्स आणि नॉर्थ स्टार्स या दोघांनी मिळून केली. शार्क्सच्या वाट्याला त्यांतून दहाच खेळाडू आले. पहिल्या दोन वर्षांतला त्यांचा सर्वांत उपयुक्त आक्रमक केली किसिओ हा तर आधी मिनेसोटाने उचलला होता. तो शार्क्सला अदलाबदलीतून मिळवावा लागला. शिकागोहून आणलेला बचावपटू डग विल्सन संघाचा पहिला कर्णधार झाला, तेव्हा त्याच्या कारकिर्दीची अखेरची दोन वर्षे उरली होती. नवोदितांच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला, पण त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला तरुण, एरिक लिंड्रॉस, पहिल्याच क्रमांकावर क्विबेककडे गेला होता. शार्क्सने पॅट फॅलूनला घेतले.

नियमांचा परिणाम किती असतो, ते १९९३ मध्ये दिसले. त्या वर्षी जुन्या संघांना एकच गोलरक्षक राखण्याची मुभा होती. नव्याने आलेल्या फ्लोरिडा पँथर्सला त्यामुळे जॉन व्हॅनबीसब्रूकसारखा कसलेला गोलरक्षक मिळाला आणि पहिल्याच हंगामात त्यांनी ८३ गुण मिळवले. शार्क्सचे पहिल्या हंगामातले गुण होते ३९. या तफावतीचे मोठे कारण निवडीच्या नियमांत आहे. शार्क्सच्या खेळाडूंच्या माथी सगळा दोष मारणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गैरसमज: सॅन होजे शार्क्स पहिल्यापासून सॅन होजेत खेळत होते.

पहिले दोन हंगाम ते सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीतील काउ पॅलेसमध्ये खेळले. जनावरांच्या प्रदर्शनांसाठी १९४१ मध्ये उभारलेल्या या इमारतीत हॉकीसाठी सुमारे अकरा हजार माणसे मावत. सॅन होजेतल्या बंदिस्त क्रीडागाराच्या खर्चाला नागरिकांनी १९८८ मध्येच मतदानाने मंजुरी दिली होती, म्हणजे संघ अस्तित्वात येण्याआधीच. ते क्रीडागार १९९३ च्या सप्टेंबरमध्ये खुले झाले आणि तिसऱ्या हंगामात शार्क्स खऱ्या अर्थाने आपल्या गावी आले.

गैरसमज: सतत हरणाऱ्या संघाकडे लोकांनी पाठ फिरवली.

काउ पॅलेस पराभवांच्या काळातही गजबजलेले असे. संघाचे नाव लोकांकडूनच मागवले होते. स्पर्धेत ‘ब्लेड्स’ हे नाव आघाडीवर होते, पण शहरी टोळ्यांच्या हत्यारांची आठवण नको म्हणून ते मागे पडले. परिसरातल्या समुद्रात शार्क माशांचा वावर आहे, तेव्हा ‘शार्क्स’ हे नाव पक्के झाले. मोरपंखी छटेची जर्सी आणि हॉकीची काठी दातांनी तोडणारा शार्क हे चिन्ह इतके लोकप्रिय झाले की, संघाने फारसे सामने जिंकण्याआधीच त्याच्या टोप्या आणि जर्सी लीगमधल्या सर्वाधिक खपाच्या मालात गणल्या जाऊ लागल्या. ओकलंडच्या सील्सला जे कधी जमले नाही, ते शार्क्सला पहिल्याच वर्षी साधले. त्यामुळेच पुढच्या वर्षीची पडझड संघाला पचवता आली.

गैरसमज: पहिले वर्ष सर्वांत कठीण, दुसऱ्यापासून घडी बसते.

शार्क्सचे दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा वाईट गेले. १९९१-९२ मध्ये १७ विजय, ५८ पराभव आणि ५ बरोबरी होत्या. १९९२-९३ मध्ये ११ विजय, ७१ पराभव आणि २ बरोबरी. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण या हिशेबाने अवघे २४ गुण. त्यात सलग १७ पराभवांची मालिकाही आली. एका हंगामातील ७१ पराभव हा लीगचा विक्रम झाला.

कारण गोलांच्या आकड्यांत दिसते. पहिल्या हंगामात संघाने २१९ गोल केले, दुसऱ्यात २१८. म्हणजे आक्रमण जिथल्या तिथे राहिले. त्यांच्यावर झालेले गोल मात्र ३५९ वरून ४१४ वर गेले. सामने चारच वाढले होते. फॅलून आणि विल्सन दोघेही दुखापतींमुळे जेमतेम निम्मे सामने खेळू शकले. पहिल्या वर्षी अनुभवी खेळाडूंनी कसाबसा सावरलेला बचाव दुसऱ्या वर्षी उघडा पडला, आणि त्यांची जागा घेणारी पुढची फळी तयार नव्हती. नव्या संघांचे हे दुखणे ओळखीचे आहे: पहिल्या वर्षीची उसनी ताकद दुसऱ्या वर्षी ओसरते आणि स्वतः घडवलेले तरुण अजून कच्चे असतात. त्याही हंगामात किसिओने ७८ वैयक्तिक गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) नोंदवले, हे विसरता कामा नये.

गैरसमज: तो लीगच्या इतिहासातला सर्वांत वाईट संघ होता.

सर्वाधिक पराभव आणि सर्वांत वाईट हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शार्क्स ८४ सामने खेळले. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स हा नवा संघ ८० सामने खेळला, त्यात ८ विजय, ६७ पराभव, ५ बरोबरी आणि २१ गुण. परगावी झालेल्या ४० सामन्यांपैकी त्यांनी एकच जिंकला आणि त्यांच्यावर ४४६ गोल झाले. मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती मिळवले, या मापाने कॅपिटल्स तळाला आहेत. शार्क्सच्याच वर्षी नव्याने आलेल्या ओटावा सेनेटर्सचेही २४ गुण होते, विजय त्यांचे एकाने कमी.

गैरसमज: तिसऱ्या वर्षी चमत्कार झाला.

१९९३-९४ मध्ये ३३ विजय, ३५ पराभव, १६ बरोबरी आणि ८२ गुण. एका वर्षात ५८ गुणांची ही झेप लीगमध्ये अभूतपूर्व होती. चमत्कार म्हटले की कारणे शोधायची गरज उरत नाही, पण इथे कारणे एकेक करून दाखवता येतात.

सर्वांत मोठा फरक बचावात पडला. त्या वर्षी संघावर २६५ गोल झाले, आदल्या वर्षीपेक्षा १४९ कमी. केलेल्या गोलांत वाढ झाली ती अवघी ३४ ची. नवे प्रशिक्षक केव्हिन कॉन्स्टंटाइन शिस्तीचे आणि बचावाला प्राधान्य देणारे. शार्क्सच्या दुय्यम संघाला, कॅन्सस सिटी ब्लेड्सला, त्यांनी १९९२ मध्ये दुय्यम लीगचा टर्नर चषक जिंकून दिला होता. त्या संघात गोल राखला होता इर्बेने. प्रशिक्षकाला आपल्या गोलरक्षकाची ताकद आधीच ठाऊक होती. त्यांनी इर्बेला ८४ पैकी ७४ सामन्यांत उतरवले. एका हंगामात इतकी मिनिटे गोलात उभा राहणारा गोलरक्षक लीगने त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरे कारण होते दोन रशियन खेळाडू. इगोर लारिओनोव्ह आणि सर्गेई मकारोव्ह हे १९८० च्या दशकातील सोव्हिएत संघाच्या विख्यात आक्रमक फळीतले दोघे, १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी. लारिओनोव्ह स्वित्झर्लंडमध्ये एक वर्ष खेळून एनएचएलमध्ये परतला होता. मकारोव्ह मिळाला तो १९९३ च्या नवोदितांच्या निवडीतला दुसरा क्रमांक हार्टफर्डला देऊन. त्या क्रमांकावर हार्टफर्डने घेतलेला क्रिस प्राँगर पुढे थोर बचावपटू झाला, म्हणून काहींना हा सौदा आजही खटकतो. पण ७१ पराभव सोसलेल्या संघाला त्या घडीला खेळ शिकवणारा माणूस हवा होता.

लारिओनोव्ह, मकारोव्ह आणि स्वीडनचा योहान गार्पेनलोव्ह यांच्या फळीला आडनावांच्या शेवटावरून ‘ओव्ही लाइन’ म्हणत. त्यांचा खेळ बघण्यासारखा असे. उत्तर अमेरिकी पद्धतीत वाट अडली की पक, म्हणजे खेळातली चकती, प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात फेकायचा आणि त्यामागे धावायचे. हे तिघे वाट अडली की मागे वळत, पक मागच्या जोडीदाराला देत आणि नव्याने चाल रचत. तरुण बचावपटू सँडिस ओझोलिन्श याच मोकळीकीतून पुढे सरसावत असे, त्या हंगामात त्याने २६ गोल केले. पक आपल्याकडे राहिला की समोरच्याला गोल करता येत नाही, त्यामुळे हा मोकळा खेळही बचावालाच हातभार लावत होता. बाकी संघावर कडक पद्धत लादणाऱ्या कॉन्स्टंटाइन यांनी या फळीला तिच्या मनासारखे खेळू दिले. हंगामातला त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय हाच म्हणावा लागेल, कारण सुरुवातीच्या नऊ सामन्यांत एकही विजय नव्हता आणि त्या दडपणाखाली प्रशिक्षक सहसा लगाम आवळतात.

गैरसमज: डेट्रॉइटवरचा विजय ही एका चुकीची देणगी होती.

बाद फेरीतल्या सात सामन्यांच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात, ३० एप्रिल १९९४ रोजी, डेट्रॉइटमध्ये २-२ अशी बरोबरी असताना डेट्रॉइटचा तरुण गोलरक्षक क्रिस ऑसगुड गोल सोडून पक बाहेर मारायला पुढे आला. त्याने मारलेला पक थेट शार्क्सच्या जेमी बेकरच्या काठीवर गेला आणि बेकरने तो रिकाम्या गोलात धाडला. शार्क्स ३-२ ने जिंकले. ही चूक झाली हे खरेच, पण त्याआधी शार्क्सने तीन सामने स्वबळावर जिंकले होते: पहिला डेट्रॉइटच्याच बर्फावर ५-४, मग घरी ४-३ आणि ६-४. सहाव्यात १-७ असा दारुण पराभव पत्करूनही सातव्या सामन्यासाठी उभे राहणे हा योगायोग नव्हे. पुढच्या फेरीत त्यांनी टोरंटोलाही सात सामन्यांपर्यंत झुंजवले आणि ३-२ अशी आघाडी घेऊन अखेर हरले.

गैरसमज: तिथून पुढे आलेख चढताच राहिला.

१९९५ मध्ये कॅलगरीला सातव्या सामन्यात हरवून त्यांनी पुन्हा पहिली फेरी जिंकली, पण १९९५-९६ मध्ये संघ ४७ गुणांवर कोसळला. लारिओनोव्ह डेट्रॉइटला गेला, ओझोलिन्श कोलोरॅडोला, कॉन्स्टंटाइन यांना हंगाम चालू असतानाच काढले गेले आणि १९९६ मध्ये इर्बेचाही संघाशी संबंध संपला. तिसऱ्या वर्षाची झेप वय झालेल्या दोन खेळाडूंवर आणि एका गोलरक्षकावर टेकलेली होती. तो आधार निघताच खालची पोकळी दिसली. टिकाऊ बांधणी १९९७ मध्ये डॅरिल सटर प्रशिक्षक झाल्यावर सुरू झाली. ओझोलिन्शच्या बदल्यात आलेला ओवेन नोलन तोवर संघाचा कणा बनला होता. सटर यांच्या पहिल्या पाच हंगामांत गुण ७८, ८०, ८७, ९५ आणि ९९ असे चढत गेले. जादा वेळेतले पराभव धरूनही विजयांची संख्या पराभवांहून जास्त भरली ती २०००-०१ मध्ये, म्हणजे दहाव्या हंगामात: ४० विजय, ३० पराभव.