काचेतला समुद्र आणि तारामासा

सावित्री नदी आपल्याला कोणी दाखवायला नको. महाबळेश्वरच्या डोंगरात ती उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून वर चढत दासगावपर्यंत येते. म्हणजे समुद्र आपल्यापासून फार लांब नाही. तरी आपल्याकडच्या पुष्कळ बायामाणसांनी तारामासा पाहिलेला नसतो. पाहिला असेल तर हरिहरेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर, ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूत पडलेला.

पण आता हा प्राणी घरातही दिसू लागला आहे. मुंबईचा चाकरमानी गावी घर बांधतो, आणि ओटीवर काचेची मोठी पेटी आणून ठेवतो. पेटीत खारे पाणी, पाण्यात रंगीत मासे, आणि तळाशी एखादा तारामासा. पाहुणे कौतुक करतात. पोरे काचेला नाक लावून बसतात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तारामासा मरतो. का मरतो, ते कोणाला कळत नाही.

पोलादपूरजवळच्या एका घरी असेच झाले. घर आमच्या चांगल्या ओळखीचे. मुलगा मुंबईला कामावर गेला होता. घरात आजी आणि नातवंडे. चैत्राचे ऊन. पेटीतले पाणी चार बोटे खाली गेले. आजीला वाटले, बिचाऱ्या जिवांना पाणी कमी पडते आहे. तिने तांब्याच्या हंड्यातले रात्रीचे पाणी घेतले आणि दोन कळशा एकदम ओतल्या. दुसऱ्या दिवशी तारामासा काचेवरून सुटून खाली पडला. तिसऱ्या दिवशी त्याचे हात लुळे पडले. चौथ्या दिवशी संपला. नातू रडला, मुलगा फोनवर रागावला, आणि आजी दोन दिवस धड जेवली नाही. "माझ्या हातनं जीव गेला रे," एवढेच म्हणत राहिली.

आजीचे चुकले काय? आम्ही म्हणतो, अर्धे चुकले, अर्धे बरोबर होते. ते समजायला आधी तारामासा म्हणजे काय, हे पाहू या.

नावात मासा आहे, पण हा मासा नव्हे. त्याला काटा नाही, कल्ले नाहीत, डोके नाही. बहुतेकांना पाच हात असतात. काही जातींना जास्तही असतात. हाताच्या टोकाला एक बारीक ठिपका असतो. तोच त्याचा डोळा. उजेड आणि अंधार एवढे त्याला त्याने कळते. तोंड असते पोटाखाली. आणि सर्वांत नवल म्हणजे, त्याच्या अंगात आपल्यासारखे रक्त नाही. पाठीवर चाळणीसारखी एक बारीक चकती असते. तिच्यातून समुद्राचे पाणी आत जाते, अंगातल्या नळ्यांतून खेळते, आणि खालच्या शेकडो इवल्या पायांत भरते. पायांत पाणी भरले की पाय लांब होतात, आणि टोकाने तो चिकटतो आणि सरकतो.

आता विचार करा. ज्याच्या अंगात बाहेरचेच पाणी खेळते, त्याच्या बाहेरचे पाणी बिघडले तर तो कुठे जाईल? मासा थोडेफार सोसतो. हा सोसत नाही. पाण्यात मीठ किती हवे, हे त्याचे शरीर ठरवू शकत नाही. बाहेर जितके, तितकेच आत. म्हणून मीठ एकदम कमी झाले की त्याचे अंग फुगते, एकदम वाढले की आकसते. मीठ हळूहळू बदलले तर तो थोडे जमवून घेतो. एकदम बदलले तर मरतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे क्षार म्हणजे नुसते जेवणातले मीठ नव्हे. त्यात चुन्याचा अंश आहे, मॅग्नेशियम आहे, आणखी कितीतरी पदार्थ आहेत. म्हणून दुकानातले मीठ विहिरीच्या पाण्यात कालवून समुद्र होत नाही. पेटीसाठी वेगळे समुद्री मीठ मिळते, तेच घ्यावे लागते. पाणी किती खारे झाले ते मोजायला तरंगणारी काचेची नळी असते. दूध डेअरीत दुधात सोडतात ना, तसलीच. ती १.०२५ च्या आसपास दाखवू लागली की पाणी समुद्रासारखे झाले.

आता आजीच्या कळशीकडे येऊ. उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. मिठागरात हेच होते. पेटीतले पाणी चार बोटे उतरले, म्हणजे राहिलेले पाणी जास्त खारे झाले. तेव्हा वरून गोडेच पाणी घालायला पाहिजे, खारे नव्हे. आजीने गोडे पाणी घातले, हे बरोबर. शिकलेली माणसेसुद्धा इथे खारे पाणी ओततात! पण तिने ते एकदम घातले. महिन्याची तूट एका सकाळी भरून काढली. रोज तांब्याभर घातले असते तर तारामाशाला कळलेही नसते.

दुसरी गोष्ट हंड्याची. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याला चांगले, असे आपण मानतो. पण रात्रभर पाणी राहिले की तांब्याचा थोडा अंश त्यात उतरतो. माणसाचे त्याने काही बिघडत नाही. तारामासा, कोळंबी, शिंपले अशा बिनकाट्याच्या जिवांना मात्र तांबे म्हणजे विष. माशांच्या रोगावर दुकानदार जे औषध देतात, त्यातल्या काहींत तांबे असते. मासा बरा होतो, तारामासा जातो. म्हणून बाटलीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. वाचता येते आहे तर त्याचा हा एक उपयोग!

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. तेही ह्या जिवांना सोसत नाही. ते काढून टाकणारे औषध मिळते. नाहीतर असे पाणी प्लास्टिकच्या बादलीत एक-दोन दिवस उघडे ठेवावे. डासांचा फवारा पेटीच्या खोलीत मुळीच मारू नये. साबणाचा किंवा तेलाचा हात पाण्यात घालू नये.

पेटी नवी असली तर तारामासा लगेच आणू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. त्याचे कारण असे. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. पण वाळूत आणि दगडांवर काही चांगले जंतू वाढतात. ते अमोनिया खाऊन त्याचे कमी विषारी पदार्थ करतात. विरजण लागायला रात्र जाते; ह्या जंतूंचे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू घातली तर लवकर लागते. तारामाशासाठी मात्र पेटी आणखी काही महिने मुरलेली असावी.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे लोक मासे धरत नाहीत, आणि हे मोठाले मासे डोहात सुखाने राहतात. तिथे कोणाला जंतूंचे विरजण लावावे लागत नाही. वाहते पाणी सगळे करते. काचेच्या पेटीत नदीचे काम माणसाने करायचे, म्हणून इतका खटाटोप.

तारामासा आणला की पिशवीतून थेट पेटीत टाकायचा नाही. त्याच्याच पाण्यासकट तो भांड्यात ठेवायचा, आणि पेटीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडायचे. दोन-तीन तास तरी लागतात. घाई करणाऱ्याचा तारामासा आठवड्यात जातो. उचलायचा झाला तर पाण्यातच वाटी धरून वाटीत घ्यावा. उगाच हवेत धरून मिरवू नये.

पाणी २४ ते २६ अंश गरम असावे. आपल्याकडे वैशाखात हे कठीणच. गरम पाण्यात हवा कमी विरघळते आणि जीव गुदमरतात. पाण्यावर पंखा सोडला तर पाणी निवते. पण मग ते उडतेही जास्त. वीज गेली आणि पंप थांबला, तर मगाने पाणी वर उचलून पुन्हा सोडत राहावे.

खायला काय? आठवड्यातून दोनदा तिसऱ्याचा किंवा कोळंबीचा ताजा तुकडा, त्याच्या अंगाखाली सरकवून द्यावा. पुष्कळ तारामासे आपले पोटच तोंडातून बाहेर काढतात आणि घास बाहेरच पचवतात. पोरांना हे दाखवावे, फार गंमत वाटते. उरलेला तुकडा काढून टाकावा. सुकट, बोंबील घालू नये, पाणी नासते. वाळूत राहणारी जात मात्र वाळूतले बारीक जीव शोधून खाते. लहान पेटीत ते लवकर संपतात, आणि हा प्राणी महिनोन्‌महिने उपाशी राहून मरतो. अशी जात घरी आणूच नये, असे आमचे मत आहे.

तो बरा आहे की नाही, हे कसे ओळखावे? पाण्यातच हळूच उलटा करावा. धडधाकट असेल तर काही मिनिटांत हात मुरडून सुलटा होतो. आजारी असला तर तसाच पडून राहतो. हात लुळे पडले, कातडीवर पांढरे चट्टे आले, तर पाणी तपासावे. एक हात तुटला म्हणून घाबरू नये. तो पुन्हा येतो. पण अंग विरघळू लागले तर त्याला काढून वेगळ्या खाऱ्या पाण्यात ठेवावे. मेलेला तारामासा पेटीत राहिला तर सगळे पाणी नासवतो.

मोठ्या समुद्रातही हे रोग होतात. २०१३ पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामासे अंग विरघळून मरू लागले. अगणित मेले. कारण सापडायला बारा वर्षे लागली. २०२५ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की ते एका जातीच्या जंतूचे काम. शिकलेल्या माणसांना बारा वर्षे लागली, हे आम्ही त्या आजीला मुद्दाम सांगितले. ती थोडी हसली.

त्या घरात आता दुसरा तारामासा आहे. मुलाने काचेवर पाण्याची खूण केली आहे. आजीने एक प्लास्टिकची बरणी वेगळी ठेवली आहे. रोज सकाळी ती खूण पाहते, आणि लागेल तेवढेच पाणी घालते. हंड्याला पेटीजवळ यायची बंदी आहे. नातवाने बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'ताऱ्याचे पाणी'. आजी ते बोट ठेवून वाचते, मगच झाकण उघडते.