चवीपुरते मीठ आणि आमची लाल शाई

आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. पत्र्याची खोली, एक फळा आणि सातवी-आठवीची चौदा मुले. गेल्या पावसाळ्यात वस्तीत जुलाबाची साथ आली. तेव्हा आशाताईंनी येऊन मीठ-साखरेच्या पाण्याची माहिती दिली आणि आम्ही मुलांना सांगितले, "हे पाणी घरी कसे करायचे, ते आपल्या आईला वाचून करता येईल असे क्रमाने लिहा."

चौदा कागद आले. आम्ही लाल पेन घेऊन बसलो. गुण कसे द्यावेत, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. आमच्या गुरुजींनी आम्हाला जसे दिले तसेच आम्ही दिले : अक्षराचे तीन, शुद्धलेखनाचे तीन, बाकीचे मुद्द्यांना. एका मुलाला दहापैकी नऊ मिळाले. अक्षर मोत्यासारखे, 'सर्वप्रथम', 'तदनंतर' असे भारदस्त शब्द. एका मुलीला चार. तिने 'पानी' लिहिले होते, 'मंग' लिहिले होते. कागद लाल रेघांनी भरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई आली. ती चार घरची धुणीभांडी करते, शाळा चौथीपर्यंत झालेली. "सर, चार मार्क कशापायी? मला तर वाचून समजलं की!"

उत्तर देताना आमची जीभ अडखळली. मग ठरले की रविवारी दोन्ही कागद त्या माउलीच्या हाती द्यायचे आणि तिने ते वाचून पाणी तयार करायचे. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही.

आधी नऊ गुणांचा कागद. 'सर्वप्रथम एक तांब्या पाणी घ्यावे.' तिने विचारले, "कोणता तांब्या? आमचा लहान, शेजारणीचा मोठा." मुलगा गप्प. पुढे होते, 'त्यात साखर व चवीपुरते मीठ घालावे.' ती थांबली. "चव कोणाची? माझी का लेकराची?"

खरे सांगतो, त्या वाक्याखाली आम्ही एकही रेघ मारली नव्हती. भाजीच्या कृतीत चवीपुरते चालते, इथे नाही. या पाण्यात साखर केवळ गोडीसाठी नसते. तिच्यामुळे आतड्यातून मीठ आणि पाणी शरीरात शोषले जाते. साखर फार झाली तर जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर बाळाच्या रक्तात क्षार वाढून झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून माप ठरलेले आहे : एक लिटर पिण्याचे स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीलिटरचा.

आता चार गुणांचा कागद. 'येक लिटरची बाटली भरून पानी उकळा. निवू द्या. मंग सहा चमचे साखर, चमच्यावर बोट फिरवून सपाट करा.' माउलीने बोट फिरवले. अर्धा चमचा मीठ टाकले, ढवळले, चाखले. कागदात होते, 'आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या, परत करा.' खारट लागले नाही. मग शेवटची ओळ आली : 'हे करायच्या आधी हात साबनाने धुवा.' खोलीत हशा पिकला. पाणी तर तयार झाले होते!

म्हणजे तो कागदही निर्दोष नव्हता. आधी करायची गोष्ट शेवटी सांगणे, ही कृती लिहिण्यातली मोठी चूक. ती आमच्या लाल पेनाने पकडलीच नव्हती. पेन 'पानी'वर अडकले होते. मुलांना 'पाणी' लिहायला शिकवलेच पाहिजे, पुढे परीक्षेत त्यावाचून निभाव नाही. पण घरच्या बोलीतला 'मंग' म्हणजे मापातली चूक नव्हे. 'अर्धा' हा शब्द गळाला, तर मात्र ती शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडता येणार नाही.

करवून घेऊन तपासायची ही रीत आम्ही शोधली असे नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात याच पाण्यासाठी एक कोटीहून अधिक घरी महिला कार्यकर्त्या पाठवल्या. तिथले माप असे : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बहुतेक आयांना वाचता येत नव्हते, म्हणून शिकवणे तोंडी आणि हाताने करून. त्यानंतर काही दिवसांनी दुसरेच कोणीतरी निवडक घरी जाऊन आईला प्रश्न विचारी, पाणी करायला लावी. आईला किती आठवते, यावर त्या कार्यकर्तीचा पगार ठरे. आईला जमले नाही तर शिकवणारीचे पैसे कमी! आम्हा मास्तरांना असा नियम लावला तर काय होईल, याचा विचार न केलेलाच बरा.

आता आमच्याकडे दहापैकी सहा गुण कागद वाचून काम झाले की नाही याचे. दोन क्रमाचे : धोक्याची सूचना त्या त्या कृतीच्या आधी आली का? एक अक्षराला, तेही वाचता येण्यापुरते. एक शुद्धलेखनाला. नऊ गुणांचा मुलगा तीनवर आला. रुसला, पण आठवडाभराने तांब्याऐवजी लिटरची बाटली लिहून आला. मुलीला सात मिळाले. हात धुण्याचे गेले ते गेलेच.

परवा दुसरा विषय दिला : आशाताईंकडून मिळालेले ओआरएसचे पाकीट कसे वापरावे. घरच्या पाण्यापेक्षा पाकीट केव्हाही चांगले. पाकीट मिळेपर्यंतची सोय म्हणून घरचे, आणि बाळ मलूल पडले, काहीच पीत नसले तर थेट दवाखाना. तयार केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचे, हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिले. नऊ मुलांनी मात्र 'एक लिटर पाण्यात' असेही लिहिले. आम्ही वाटलेले पाकीट लहान होते, दोनशे मिलीलिटर पाण्याचे. तसे त्याच्या मागे छापलेले होते. पाच जणांनी पाकीट उलटून पाहिले होते.