सोबत्याच्या शोधात

सोलापूरहून विजापूर, बदामी करीत हंपीपर्यंत सायकलने जायचे म्हटले, तर शिदोरीची अडचण नाही. कडक भाकरी आठवडाभर टिकते, शेंगाचटणी त्याहून अधिक. अडते ते सोबत्यापाशी. कॉलेजात विषय काढला तेव्हा सात जण तयार झाले. नाताळच्या सुटीतली तारीख सांगताच दोन उरले. त्यांतल्या एकाला रोज सव्वाशे किलोमीटर कापायचे आहेत, दुसऱ्याला दर मैलावर चहा!

ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. मार्च १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले ते तिघेच : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. उलट फ्रामरोज दावर १९२४ साली एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव्ह स्तावयानिक हा ऑस्ट्रियन भेटला, आणि दोघांनी मिळून सहाराचे वाळवंट ओलांडले, अँडीज पर्वत पार केला. गाव एक नाही, भाषा एक नाही. तरी जोडी वर्षानुवर्षे टिकली.

मला यात नवल वाटत नाही. मुंबईहून व्हिएन्नापर्यंत सायकल मारीत आलेल्या माणसाची परीक्षा रस्त्यानेच घेतलेली असते. घरी मात्र हा युक्तिवाद चालत नाही. “एकट्याने जायचे नाही,” एवढेच सौभाग्यवतींचे म्हणणे. आणि पंचेचाळिशीत ते खोडूनही काढवत नाही.

तेव्हा येत्या रविवारी दोघांनाही घेऊन तुळजापूर, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. घाट उतरल्यावरही जो माझ्याशी बोलत असेल, त्याच्याबरोबर हंपी.