आळीबाहेर काय जातें?

शहरांतील वस्ती निसर्गाशीं जुळवून घेणारी करावयाची म्हटलें कीं, पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मोकळ्या जागेवर नव्यानें वसविलेलें एखादें आदर्श उपनगर उभें राहतें. मला आज सांगावयाचें आहे तें निराळें. घरें जुनीं, माणसें तींच, रस्तेही तेच. अशा वस्तीचें काय करतां येईल? माझ्या मतें तिची परीक्षा झाडांच्या संख्येवरून करूं नये. आपल्या सीमेबाहेर ती काय ढकलते, तें पाहावें.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. शहराच्या आग्नेयेस, सासवडच्या वाटेवर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी हीं गांवें आहेत. पुण्याचा केर वर्षानुवर्षें तेथें नेऊन टाकण्यांत आला. विहिरींचें पाणी नासलें; धूर व दुर्गंधी दारांत आली. २०१७ सालीं कचऱ्याच्या आगारास आग लागली, तेव्हां ग्रामस्थांनीं सुमारें तीन आठवडे गाड्या रोखून धरल्या, आणि शहरांत ठिकठिकाणीं ढीग साचले. पुणेकरांचे हाल झाले खरे. पण जें आपणांस तीन आठवडे सोसवेना, तें त्या गांवांनीं किती वर्षें सोसलें, हा हिशेब फारसा कोणी मांडला नाहीं.

घरगुती केराचा निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. साली, देठ, उरलेलें अन्न हें ढिगाखालीं दडपलें गेलें कीं हवेवांचून कुजतें. त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो व काळें पाणी जमिनींत झिरपतें. तेंच आळींतल्या आळींत, हवा खेळेल अशा पेटींत, वाळलेल्या पानांच्या थरांत घातलें तर दोन-अडीच महिन्यांत त्याचें खत होतें. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. वास सुटला तर पाणी अधिक व हवा कमी झाली असें समजावें, आणि कोरडीं पानें घालून सारें खालींवर करावें. गंमत अशी कीं, येथें ज्या पानांची गरज, तींच आपण हिवाळ्यांत रस्त्याकडेला पेटवून देतों!

सुका केर मात्र आळींत जिरत नाहीं. तो कोणी तरी न्यावाच लागतो. पुण्यांत १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यांतून पुढें ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली, व २००८ सालीं तिनें महापालिकेशीं करार केला. दारोदार जाऊन केर घेणें आणि त्यांतील विकण्याजोगें वेचणें, हें या कष्टकरी लोकांचें काम. त्यांत स्त्रियाच बहुसंख्य. आपण ओलें-सुकें एकत्र दिलें कीं त्यांचा हात नासक्या अन्नांत जातो आणि कागदाचें मोलही जातें. वर्गीकरण २०१६च्या नियमांनीं बंधनकारक केलें. तथापि नियमाआधीं याची लाज वाटावयास हवी होती.

केराप्रमाणें पाऊसही आपण बाहेर ढकलतों. पेशवाईंत कात्रजचें पाणी तलावांत अडवून बांधीव नळानें शहरांतील हौदांत कौतुकानें आणलें. त्याच खोऱ्यांतून येणाऱ्या आंबिल ओढ्यास २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीं लोंढा आला. भिंती कोसळल्या, माणसें गेलीं. ओढ्याची वाट अरुंद झाली होती हें खरेंच. परंतु फरसबंद आवारें आपलें पाणी झटपट बाहेर काढून देतात, त्याचाही अशा लोंढ्यांत वांटा असतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हां १०० चौरस मीटर छपरावर ७०,००० लिटर. उडालें-सांडलें वजा करून ५६,००० धरूं. माणशीं रोज १३५ लिटर या हिशेबानें पांच माणसांच्या कुटुंबास तें ८३ दिवस पुरेल. पण त्याच छपराखालीं चार बिऱ्हाडें असतील तर जेमतेम वीस दिवस, आणि बारा असतील तर एक आठवडा! म्हणून पावसाच्या पाण्यावर सारी इमारत जगेल, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. ओढ्यावरचा भार कमी होतो, हाच मोठा लाभ.

पाणी मुरवितांना एक सावधगिरी हवी. आपल्या पायाखालीं काळा खडक आहे. पाणी उतरतें तें वरच्या मुरुमांतून व भेगांतून. एका आवारांतला खड्डा तें भराभर पितो, शेजारच्यांत तें उभें राहतें. खर्च करण्यापूर्वीं लहान खड्डा खणून, भरून, किती वेळांत रिकामा होतो तें पाहावें. पहिल्या सरीचें पाणी सोडून द्यावें, आणि वाळू-खडीच्या गाळणीवांचून विंधन विहिरींत थेंबही जाऊं देऊं नये. नाहीं तर आपला मळ जमिनीखालून शेजाऱ्याच्या विहिरींत जाईल.

आमच्या आवारांतील खताची पेटी दोनदां बंद पडली. दोन्ही खेपेस दोष पेटीचा नव्हता; जो सांभाळीत असे तो गांवीं गेला, आणि मागें कोणी पाहिलें नाहीं. तिसऱ्या खेपेस पाळ्यांचा तक्ता जिन्याशीं टांगला व माळ्यास त्याबद्दल वेगळा पगार ठरवून दिला. तेव्हांपासून तीन पावसाळे ती चालू आहे. चौथ्या मजल्यावरील एक बिऱ्हाड मात्र ओलें-सुकें अजून एकत्रच देतें.