लांबचा प्रवास आणि गुरांची प्रकृति

मुंबईच्या घरांत सकाळीं चुलीवर चढणाऱ्या दुधाचा माग काढीत गेल्यास वाट पुष्कळदां उपनगरांतील तबेल्यापाशीं संपत नाहीं. ती थेट हरियाणांतील रोहतक-हिसारपर्यंत जाते. तेथील मुऱ्हा जातीची म्हैस दुधासाठीं नामांकित. ती मुंबईस येते तेव्हां सुमारें १४०० किलोमीटरांचा रस्ता तिला ट्रकांत बहुतांशीं उभ्यानेंच काढावा लागतो. या प्रवासांत तिच्या देहावर काय गुजरतें?

गाडी वळली, थांबली वा खड्ड्यांत आदळली, कीं जनावरास तोल सांवरावा लागतो. तासन् तास चालणारी ही स्नायूंची मेहनतच होय. जनावरें दाटीनें भरलीं म्हणजे परस्परांच्या आधारानें पडत नाहींत, असा एक समज आहे. वस्तुस्थिति उलट आहे. दाटींत पाय सरकवून तोल घेण्यास जागा उरत नाहीं, आणि एकदां खालीं पडलेलें जनावर इतरांच्या खुरांखालीं सांपडून पुन्हां उठूं शकत नाहीं.

दुसरा परिणाम वजनावर. प्रथम शेण व मूत्र यांच्या रूपानें पोट रितें होतें; पुढें शरीरांतील पाणी आटतें व सांठविलेली चरबी खर्ची पडते. एका दिवसांत शेंकडा सहा ते दहा इतकें वजन घटूं शकतें. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी थोड्या. त्यामुळें उन्हाचा ताप तिला गाईहून अधिक बाधतो.

सर्वांत मोठें भय रोगाचें. घटसर्पाचे जंतू कित्येक निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशांत दबून असतात. श्रम, उपास व भीति यांनीं प्रतिकारशक्ति खचली, कीं ते उचल खातात. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि एकदोन दिवसांत म्हैस दगावते.

यावर उपाय ठाऊक आहेत. भारताच्या १९७८ च्या नियमांनीं एका मालमोटारींत सहांहून अधिक गुरें भरण्यास मनाई केली; निघण्यापूर्वीं पशुवैद्याचा दाखला व गाडींत घसरण न होणारी जमीन आवश्यक ठरविली. युरोपांतील २००५ च्या कायद्यानें मोठ्या गुरांना चौदा तासांनंतर निदान एक तास विश्रांति व पाणी, आणि आणखी चौदा तासांनंतर गाडींतून उतरवून चोवीस तास विसांवा सांगितला आहे. घटसर्पाची लस निघण्याच्या कांहीं आठवडे आधीं टोंचावी. मुक्कामीं पोंचल्यावर प्रथम पाणी, मग सुकी वैरण आणि आंबोण मागाहून थोडथोडें द्यावें. कारण पोटांतील पचनास मदत करणारे सूक्ष्म जीवही उपासानें क्षीण झालेले असतात. नवी म्हैस कांहीं दिवस इतरांपासून वेगळी बांधावी.

गाडींत दोन जनावरें अधिक कोंबून वांचविलेलें भाडें खचलेल्या म्हशीच्या आटलेल्या दुधांत केव्हांच फिटून जातें. येथें भूतदया आणि हिशेब यांचा कौल एकच पडतो.