गाडीच्या पोटात (भाग ९) : भोक हेच माप

इंजिनात ऑइल ओतायला वरून ऐसपैस तोंड असतं, पातळी बघायला डिपस्टिक असते, आणि तरीही काही चुकलंच तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. मागच्या ॲक्सलच्या मधोमध बसलेल्या डिफरन्शियलच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. त्याचं तेल घालायचं भोक हाऊसिंगच्या कुशीत, तेही आडवं. वर चेसिस, बाजूला सायलेन्सर, कुठे स्टेपनी. आणि घालायचं ते ऑइल डिसेंबरच्या सकाळी काकवीसारखं ओघळणारं.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हे काम रोजचं आहे, पण प्रत्येक गाडीचं नाही. चाकणच्या बजाज कारखान्यातून निघणाऱ्या पल्सरला डिफरन्शियलच नसतं. मागचं चाक एकच आणि ते साखळीवर फिरतं. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातली टायगुन पुढच्या चाकांवर चालते, तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि दोघांना तेल एकच. महिंद्राची चाकणलाच बनणारी स्कॉर्पिओ-एन मात्र मागच्या चाकांना जोर देणारी. तिला मागे स्वतंत्र डिफरन्शियल आणि त्याचं स्वतंत्र तेल. टाटांच्या छोट्या एसपासून मोशीच्या खाणींवर धावणाऱ्या दहाचाकी टिपरपर्यंत सगळी मालवाहू मंडळी याच दुसऱ्या गोटातली. अशा ॲक्सलचा एक कारखाना तर इथेच, पुणे-नाशिक महामार्गावर कुरुळीत आहे : डाना आनंद, म्हणजे पूर्वीची स्पायसर इंडिया.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीसारख्या ठिकाणी ऑइलचं नाव विचारत नाहीत, नंबर विचारतात. 'नव्वद' किंवा 'एकशेचाळीस'. इंजिनाचं ऑइल चाळीस नंबरचं आणि हे नव्वद, म्हणजे दुपटीहून जाड, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकीचा आहे. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या. नव्वद नंबरचं गिअर ऑइल तापल्यावर साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. खरा फरक जाडीत नाही, त्यात मिसळलेल्या गंधक आणि फॉस्फरसच्या रसायनांत आहे. डबा उघडताच नाकात शिरणारा उग्र वास त्या गंधकाचा.

ही रसायनं लागतात ती डिफरन्शियलमधल्या क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक) यांच्या रचनेमुळे. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यरेषेपासून थोडा खाली ठेवायची हायपॉइड पद्धत अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने १९२५ च्या सुमारास आणली. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी करता आली, दातही दणकट झाले. मात्र हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. चाकणच्या तळेगाव चौकात वीस-पंचवीस टनांचा माल घेऊन पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकणाऱ्या ट्रकच्या दातांमधून साधं तेल पिळून बाहेर निघेल. ही रसायनं धातूवर पातळ थर धरतात आणि घर्षण अंगावर घेतात. डब्यावरचं जीएल-५ म्हणजे अशी रसायनं भरपूर असलेलं तेल. तेच गिअरबॉक्समध्ये ओतलं तर काही गाड्यांतल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा ते खाऊन टाकतं, म्हणून तिथे बऱ्याचदा जीएल-४ सांगितलेलं असतं. मालकाच्या हातातलं पुस्तक या बाबतीत मिस्त्रीच्या अनुभवापेक्षा वरचढ मानावं.

आता प्रत्यक्ष काम. फिटर आधी कोणता नट सोडतो, यावरूनच त्याची पारख होते. जाणकार माणूस खालच्या ड्रेन प्लगला हात लावण्याआधी वरचा फिलर प्लग सोडून बघतो. तो गंजून बसलेला असेल, चौकोनी खाच घसरलेली असेल, तर तेल सांडण्याआधीच ते कळलेलं बरं. नाहीतर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी पिटवर अडकते आणि टोचनशिवाय हलत नाही. प्लग सोडण्याआधी त्याच्याभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढायचा, कारण भोक उघडताच तो आत पडणार. गाडी थोडी चालवून आणलेली असली की तेल कोमट, पातळ होऊन गाळासकट उतरतं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या लोण्यासारखा बारीक चुरा दिसेल, त्याने घाबरायचं कारण नाही. दाताचा टवका दिसला तर मात्र नवीन तेल ओतण्यात अर्थ नाही.

तेल चढवायच्या साधनांत गंमत आहे. सगळ्यात स्वस्त म्हणजे नरसाळं आणि हातभर पारदर्शक नळी : नरसाळं वर चेसिसला टांगायचं, नळी भोकात, आणि चहा पिऊन यायचं. छोट्या गाडीच्या लिटर-दोन लिटरला ते चालतं. त्याच्यावर सक्शन गन, म्हणजे मोठी धातूची पिचकारी. एका वेळी अर्धा लिटरभर ओढते. काही ॲक्सलना ड्रेन प्लगच नसतो, तिथे जुनं तेल ओढून काढायलाही तीच. ट्रकच्या एकेका ॲक्सलला दहा लिटरांहून अधिक लागू शकतं, म्हणून अशा गॅरेजांत दांड्याचा बकेट पंप दिसतो. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये २१० लिटरच्या बॅरलवर हवेचा पंप बसवलेला असतो. पंपाचं प्रमाण तीनास एक असेल तर ६ बार हवेवर तो तेलाला १८ बारपर्यंत दाब देऊ शकतो. टोकाला लिटर मोजणारी गन.

एक जुगाडही चालतो. पत्र्याच्या डब्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि कॉम्प्रेसरची हवा सोडून तेल वर ढकलायचं. डबा दाबासाठी बनवलेला नसतो. शिवण उसवली की तेल आणि पत्रा दोन्ही तोंडावर. साधनाचे चार पैसे वाचवायला हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

साधन कोणतंही असो, माप भोकच सांगतं. तेल भोकाच्या खालच्या काठाला येऊन बाहेर पाझरू लागलं की थांबायचं. हे माप खरं ठरतं ते गाडी सपाट उभी असेल तरच. फक्त मागची बाजू जॅकवर उचलली की तेल पुढे सरकतं. भोक हाऊसिंगच्या मागच्या अंगाला असेल तर तेल जास्त जातं, पुढच्या अंगाला असेल तर कमी पडतं. मीटरच्या गनवर विसंबून भोकाकडे न बघणाऱ्यांची चूक इथेच होते. भराभर भरलेल्या तेलात हवाही अडकते, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं.

कमी पडलं तर काय? क्राऊन तेलात बुडून फिरतो आणि तेल वर उडवतो. त्या उडालेल्या तेलावरच पिनियनचं पुढचं बेअरिंग जगतं. पातळी उतरली की आधी त्याचाच आवाज येतो. जास्त झालं तर तेल फेसाळतं, तापतं, सील ओलांडून ब्रेक लायनरवर जातं. आणि पातळी बरोबर असूनही सील गळत असेल तर आधी ब्रीदर बघावा. हाऊसिंगवरची ही बोटभर टोपी पावसाळ्यात एमआयडीसीच्या चिखलाने बुजते, आत तापलेल्या हवेला वाट उरत नाही आणि ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. दोन-दोनदा सील बदलून झालेल्या कित्येक गाड्यांचा आजार हवेच्या एका फुंकरीत बरा होण्यासारखा असतो.

टिपरच्या दुहेरी ॲक्सलला दोन डिफरन्शियल, म्हणजे दोन भोकं आणि दोन पातळ्या. शिवाय चाकाचे हब उघडलेले असतील तर ते कोरडे असतात. मग भरून झाल्यावर ॲक्सलची एक बाजू साधारण १५ सेंटिमीटर उचलून मिनिटभर धरायची, तेल दुसऱ्या टोकाच्या हबपर्यंत जाऊ द्यायचं, मग दुसरी बाजू, आणि शेवटी सपाटीवर पुन्हा पातळी. हा टप्पा गाळला की भोकाशी बरोबर दिसलेलं तेल पहिल्या फेरीतच हबमध्ये जाऊन कमी पडतं.

उतरवलेलं काळं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. ते झाकणाच्या पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. धूळ बसावी म्हणून गॅरेजपुढच्या मातीवर ते शिंपडण्याची जुनी सवय या नियमात बसत नाही.

(पुढील भागात : प्रॉपेलर शाफ्ट, त्याचा क्रॉस आणि ग्रीसचा निपल)